दोन हजार कांजी विकू नका, पन्नास शब्द वाचायला शिकवा



गेल्या काही महिन्यांत एकाच धाटणीचा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. "मॅडम, माझं जॅपनीजचं एन-थ्री झालंय. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इथल्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांसाठी ऑनलाइन क्लास काढायचाय. कोर्सचं नाव '९० दिवसांत २००० कांजी' ठेवलं तर चालेल का?"

आयडिया चांगली आहे. पुण्यात जॅपनीज शिकण्याची जुनी परंपरा आहे, जेएलपीटी परीक्षेचं केंद्र आहे, शिकलेल्या मुलामुलींचं इंग्रजीही बरं असतं. घरबसल्या, एका लॅपटॉपवर सुरू होईल असा हा धंदा आहे. माझी हरकत फक्त नावाला आहे. कारण नावात तुम्ही जे वचन देता, त्यावरून तुमचा अख्खा कोर्स ठरतो. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याला कांजीची संख्या विकणारा क्लास जाहिरातीवर एकदा भरतो आणि मग रिकामा होतो. वाईट म्हणजे, त्यातून बाहेर पडलेला माणूस क्लासला दोष देत नाही. "आपलं डोकंच या भाषेसाठी नाही" असं म्हणून तो कायमचा थांबतो.

आधी माझी बाजू सांगते. मी जॅपनीजची शिक्षिका नाही. माझं स्टेशनरीचं दुकान आहे, मी धंद्याचं ट्रेनिंग देते आणि जॅपनीज एन-फोरपर्यंत शिकले आहे. म्हणजे ग्राहक म्हणून ही पायरी चढलेय आणि दुकानदार म्हणून रोज बघतेय. कांजी गिरवायला चौकटीच्या वह्या लागतात. नवी बॅच सुरू झाली की त्या गठ्ठ्याने जातात. तिसऱ्या महिन्यात त्याच वह्या घ्यायला येणारे चेहरे मोजकेच उरतात. पेन्सिल घेणारा माणूस परत येतो, कारण त्याची पेन्सिल संपते. वही घेणारा येत नाही, कारण त्याची वही अर्धीच राहते. क्लासवाल्यांनी या अर्ध्या वहीचा विचार करायला हवा.

तुमचा ग्राहक तुमच्यासारखा नाही

तुम्ही दहा वर्षांचे होईपर्यंत देवनागरी आणि रोमन अशा दोन लिप्या शिकलात. हिंदीत तीच देवनागरी थोडी वेगळी चालते हेही पचवलंत. त्यामुळे 'भाषा एक, लिप्या अनेक' याचं तुम्हाला काही वाटत नाही. आणखी एक गंमत. जपानी अक्षरांचा क्रम आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा जातो. हा क्रम सिद्धम या भारतीय लिपीच्या अभ्यासातून तिकडे घडला, म्हणजे आपल्या वर्णमालेचा तो नातेवाईकच. म्हणून मराठी माणसाला हिरागाना शिकताना पहिल्याच आठवड्यात घरच्यासारखं वाटतं.

इंग्रजी बोलणाऱ्याला यातलं काहीच मिळालेलं नसतं. त्याच्याकडे २६ अक्षरं आहेत आणि आयुष्यभर तेवढ्यावर भागलंय. त्याच्यासमोर तुम्ही ४६ हिरागाना, ४६ काताकाना आणि त्यावर कांजी ठेवता. तीन लिप्या, त्याही एकाच वाक्यात मिसळलेल्या. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी स्वतःची संस्था आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी सगळ्यात अवघड भाषांच्या गटात तिने जॅपनीज ठेवलीय. कामापुरती पक्की भाषा यायला ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले २,२०० तास धरलेत. तेही हुशार, पगारी, दिवसभर दुसरं काम नसलेल्या अधिकाऱ्यांसाठी. त्यात बोलणं-ऐकणं सगळंच आलं हे खरं, पण नोकरी सांभाळून रात्री तासभर बसणाऱ्या माणसाला ९० दिवसांचं वचन देताना हा आकडा डोळ्यासमोर ठेवा.

२१३६ हा आकडा कुणासाठी आहे?

जाहिरातीतला 'दोन हजार' येतो कुठून? जपान सरकारची 'जोयो कांजी' नावाची यादी आहे, म्हणजे रोजच्या वापरातल्या कांजींची. २०१० सालच्या सुधारणेनंतर तीत २१३६ चिन्हं आहेत. शिकलेल्या प्रौढ जपानी माणसाला पेपर, सरकारी कागद वाचायला जे लागतं, ते हे.

आता जपानी मुलं ती कशी शिकतात ते बघा. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६. त्यातली पहिलीत फक्त ८०. उरलेली पुढच्या शाळेत. आणि हे कोण? ज्यांची ती मातृभाषा आहे, रस्त्यावर, टीव्हीवर, डब्याच्या झाकणावर ज्यांना हीच चिन्हं दिवसभर दिसतात, ती मुलं.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्या, बाकीचा लेख त्यावर उभा आहे. जपानी मूल शाळेत येतं तेव्हा 'मिझु' म्हणजे पाणी हे त्याच्या तोंडात आधीपासून असतं. शाळा त्या शब्दाला फक्त चिन्ह देते. किराणा दुकानाच्या भाषेत सांगायचं तर बरणीत माल भरलेला आहे, वर चिठ्ठी लावायची बाकी आहे. चिठ्ठी लावायला कितीसा वेळ लागतो?

आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या नवशिक्याच्या बरण्या रिकाम्या आहेत. त्याला 'मिझु' हा शब्दच माहीत नाही. अशा माणसाच्या हातात दोन हजार चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला तर तो काय करेल? कुठे चिकटवेल? चार दिवस हातात धरेल आणि मग पाडेल. लोक त्याला विसराळूपणा म्हणतात. मी म्हणते, चिठ्ठीला बरणी नव्हती.

म्हणून माझा पहिला नियम: जो शब्द विद्यार्थ्याच्या कानाला आणि तोंडाला माहीत नाही, त्याची कांजी शिकवायची नाही. आधी शब्द, मग चिन्ह.

खरी भीती चित्राची नसते, वाचनाची असते

नवशिक्याला वाटतं कांजी अवघड कारण रेघा फार. खरं तर रेघांची सवय होते. माणूस पळतो तो वाचनांच्या तक्त्यामुळे. एकाच चिन्हाची दोन, चार, सहा वाचनं. 'जगणं, जन्म, कच्चं' असा अर्थ असलेलं एक चिन्ह आहे. सरकारी यादीतच त्याची बारा वाचनं दिली आहेत. बरेच क्लास पहिल्याच महिन्यात असा तक्ता पाठ करायला देतात. का? तर पुस्तकात तो तसा छापलाय म्हणून.

तक्ता हवा कशाला? तुमच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून दोन शब्द माहीत असतात: 'सेन्सेइ' म्हणजे शिक्षक आणि 'गाकुसेइ' म्हणजे विद्यार्थी. दोन्हींच्या शेवटी हेच चिन्ह आहे आणि दोन्हीकडे ते 'सेइ' वाचतात. झालं. आज एवढंच. पुढे वाढदिवसाचा शब्द 'तान्जोबी' येईल तेव्हा तिथे 'जो' भेटेल. कधी हॉटेलात 'नामा-बीरू' दिसेल तेव्हा 'नामा' भेटेल. एका शब्दाबरोबर एक वाचन आलं की ते ओझं होत नाही.

पण विद्यार्थी विचारणारच, "एका चिन्हाचे इतके उच्चार कशाला?" इथे बरेच शिक्षक चीनचा इतिहास सांगायला लागतात. इतिहास खरा आहे. चिन्हं चीनहून आली, त्यांच्याबरोबर चिनी उच्चारही आले, आणि घरचा जपानी शब्दही त्याच चिन्हाला जोडला गेला. पण ग्राहकाला त्याच्या घरातलं उदाहरण द्या. त्याच्या घरात ते आहे!

त्याला सांगा, तू 1 हा आकडा 'वन' वाचतोस ना? मग त्याच्यामागे 'एसटी' जोडलं की 'फर्स्ट' का वाचतोस? 2 म्हणजे 'टू', पण मागे 'एनडी' आलं की 'सेकंड'. आकडा तोच, मागच्या शेपटीवरून उच्चार बदलला. जपानी क्रियापदांत कांजीच्या मागे हिरागानाची जी शेपटी असते, ती अगदी हेच काम करते. लहानपणापासून तो हे करतोय, फक्त त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

दुसरं उदाहरण. त्याच्या भाषेत पाणी म्हणजे 'वॉटर'. पण मासे ठेवायची काचपेटी 'अॅक्वेरियम', पाण्यावरची वीज 'हायड्रो'. एकटा असताना घरचा शब्द, जोडशब्दात बाहेरून आलेला. जॅपनीजमध्येही पाणी एकटं असताना 'मिझु', आणि जोडशब्दात 'सुइ': बुधवार म्हणजे 'सुइयोबी', नळाचं पाणी म्हणजे 'सुइदो'. आपल्याला हे आणखी सोपं आहे. आपण पाणी पितो, पण धरणाला जलाशय म्हणतो. मराठी शिक्षकाला हे मनातून कळतं, हा त्याचा फायदा. पण विद्यार्थ्याला समजावताना 'जल' बाजूला ठेवायचं आणि 'अॅक्वा' काढायचा. आपल्याला कळलं म्हणून ग्राहकाला कळलं असं होत नाही.

एवढं कळल्यावर 'निचियोबी', म्हणजे रविवार, हा शब्द दाखवा. तीन चिन्हं, त्यातलं पहिलं आणि शेवटचं एकच, पण सुरुवातीला 'निचि' आणि शेवटी 'बी'. आदल्या आठवड्यात हे पाहून जो रडला असता, तो आता हसतो.

गोष्टींचा उपयोग आणि त्यांची मर्यादा

कांजी लक्षात ठेवायला चित्रं आणि गोष्टी वापरतात. झाडाचं चिन्ह एक. तेच दोनदा शेजारी काढलं की राई, तीनदा काढलं की रान. माणसाच्या चिन्हाशेजारी झाड काढलं की विश्रांती, कारण माणूस झाडाला टेकलाय. डेमो क्लासमध्ये हे दाखवलं की लोक खूश होतात, फी भरतात. दाखवा जरूर. पण संपूर्ण कांजी अशीच आहे असं भासवू नका. अशी चित्रासारखी चिन्हं थोडी आहेत. बहुतेक कांजींमध्ये एक भाग अर्थाचा इशारा देतो आणि दुसरा भाग उच्चाराचा. निळ्या रंगाचं चिन्ह घ्या. त्याला पाण्याची बाजू जोडली की 'स्वच्छ', सूर्याची जोडली की 'निरभ्र', बोलण्याची जोडली की 'विनंती'. अर्थ तीन दिशांना गेले, पण तिन्हींना 'सेइ' हे वाचन आहे. ही युक्ती फार कामाची आहे, पण शे-दीडशे चिन्हं ओळखीची झाल्यावर. पहिल्या महिन्यात ती सांगितली तर ज्ञान दिसतं, उपयोग होत नाही.

आता माझ्या मताच्या विरुद्ध बाजूचं सगळ्यात मोठं नाव. जेम्स हायसिग या अभ्यासकाचं कांजी लक्षात ठेवण्याचं पुस्तक १९७७ साली पहिल्यांदा निघालं आणि आजही इंग्रजी बोलणारे शिकाऊ लोक त्यावर हिरीरीने वाद घालतात. पद्धत अशी: प्रत्येक कांजीला एक इंग्रजी शब्द द्यायचा, तिच्या तुकड्यांवरून एक गोष्ट रचायची आणि फक्त अर्थ व लिखाण शिकायचं. पहिल्या भागात उच्चार नाहीतच, ते दुसऱ्या भागात. सहाव्या आवृत्तीत अशी २२०० चिन्हं आहेत. त्यामागचा विचार पोकळ नाही. चिनी विद्यार्थी जॅपनीज शिकायला येतो तेव्हा चिन्हांचे अर्थ आणि लिखाण त्याला आधीच येतं, म्हणून तो भरभर पुढे जातो. मग पाश्चात्त्य विद्यार्थ्यालाही आधी त्या जागी आणून ठेवू, असं हायसिग म्हणतात.

ज्याने ठरवलंय की मी पाच वर्षं ही भाषा सोडणार नाही, एकट्याने रोज बसणार, त्याला हे पुस्तक खुशाल सुचवा. पण तुमच्या क्लासला येणारा नवशिक्या तो नसतो. तो अजून भाषेला हात लावून बघतोय. माझ्या ट्रेनिंगला आलेल्या एका शिक्षिकेने तिच्या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याचं बोलणं सांगितलं होतं: "मला तीनशे चिन्हांचे अर्थ येतात, पण हॉटेलातला एकही पदार्थ तोंडाने मागता येत नाही." तीनशे चिठ्ठ्या, रिकाम्या बरण्या. चिन्हं येत असूनही भाषा येत नाही, ही जागा फार एकटी असते. त्या जागी माणसाला पहिल्या तीन महिन्यांत नेऊन सोडायचं नाही.

याद्या फुकट आहेत, मग तुम्ही काय विकणार?

धंद्याच्या नजरेने बघा. 'अंकी' नावाचं पाठांतराचं सॉफ्टवेअर २००६ पासून आहे. ते बनवणाऱ्याने जॅपनीज शिकण्यासाठीच बनवलं आणि संगणकावर ते फुकट मिळतं. ज्या चिठ्ठीचं उत्तर चुकतं ती लवकर परत दाखवायची आणि जी येते ती उशिरा, हे काम ते तुमच्यापेक्षा चांगलं करतं. 'वानिकानी' नावाची वेबसाइट आहे. तिथे साठ पातळ्यांत सुमारे दोन हजार कांजी आणि सहा हजारांवर शब्द आहेत, आणि पहिल्या तीन पातळ्या मोफत. त्यांचा क्रम बघून ठेवा: आधी तुकडे, मग चिन्ह, मग लगेच त्या चिन्हाचे शब्द. चिन्ह शब्दावाचून लटकत ठेवत नाहीत. आणि पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकाला पुरेसं चाखू देतात.

म्हणजे संख्येच्या शर्यतीत तुम्ही हरलेलेच आहात. दोन हजार चिन्हांची यादी देणारा क्लास म्हणजे फुकट पाणपोईशेजारी पाण्याची गाडी लावणं. मग तुमच्याकडे काय आहे जे सॉफ्टवेअरकडे नाही?

एक, निवड. या माणसाला आधी कुठले शब्द लागतील हे तुम्ही त्याला विचारून ठरवू शकता. जपानला फिरायला जाणाऱ्याला स्टेशनवरच्या पाट्या हव्यात. परीक्षा देणाऱ्याला वेगळे शब्द, नोकरीसाठी शिकणाऱ्याला आणखी वेगळे.

दोन, कान. तो 'देगुची' नीट म्हणतोय की नाही हे तुम्हीच ऐकता.

तीन, सोबत. चौथ्या आठवड्यात तो आला नाही तर "काय झालं?" असा मेसेज तुम्हीच करता. फी खरं तर या तीन गोष्टींची असते.

हाताने लिहायचं की नाही?

यावर शिक्षक मंडळी माझ्यावर रागावतील. माझं मत आहे की नवशिक्याकडून प्रत्येक कांजी पन्नास वेळा गिरवून घेऊ नये. हो, चौकटीच्या वह्या विकणारी बाई हे सांगतेय! जेएलपीटीत हाताने काहीच लिहायचं नसतं, पर्याय निवडायचे असतात. मोबाइलवर उच्चार टाइप केला की चिन्हं समोर येतात, त्यातलं बरोबर ओळखायचं असतं. म्हणजे आज लागणारं पहिलं कौशल्य ओळखण्याचं आहे.

तरी लिखाण पूर्ण काढून टाकू नका. पंधरा-वीस सोपी चिन्हं नीट क्रमाने लिहून घ्या. वरून खाली, डावीकडून उजवीकडे हा मूळ नियम हातात बसला की अवघड चिन्हही तुकड्यांत दिसायला लागतं. आणि जिथे गोंधळ होतो तिथे लिहून घ्या. मातीचं चिन्ह आणि योद्ध्याचं चिन्ह यात फरक एवढाच की एकात खालची आडवी रेघ लांब, दुसऱ्यात वरची. 'माणूस' आणि 'आत जाणं' ही दोन चिन्हंही जुळ्या भावांसारखी आहेत. अशा जोड्या डोळ्याला फसवतात, हाताला नाही. बाकी वेळ वाचण्यात घालवा.

बारा आठवड्यांचा कोर्स कसा मांडाल?

नुसतं मत देऊन थांबणार नाही, आराखडा देते. तुमच्या अनुभवाप्रमाणे बदला.

पहिले चार आठवडे हिरागाना आणि काताकाना. याच काळात कानावर रोजचे शब्द पडू द्या: पाणी, माणूस, आज, स्टेशन, बाहेर पडायचा दरवाजा. कांजी दाखवायची घाई नको. अमेरिकेतल्या कॉलेजांत चालणारं 'गेंकी' हे पाठ्यपुस्तकही कांजी तिसऱ्या धड्यापासून सुरू करतं, आणि तिथे पंधराच चिन्हं असतात: आकडे, शंभर, हजार, दहा हजार, येन आणि वाजण्याचं चिन्ह. दोन्ही भाग मिळून कांजी ३१७. अनुभवी लोकांनी आकडा किती लहान ठेवलाय बघा.

पाचव्या आठवड्यापासून दर आठवड्याला सहा शब्द. आठ आठवड्यांत ४८. उरलेले दोन शब्द विद्यार्थ्याने स्वतः निवडायचे, त्याच्या आवडीचे. झाले पन्नास. शब्द असे निवडा की चिन्हं पुन्हा पुन्हा भेटतील. 'कुची' म्हणजे तोंड. बाहेर पडायचं तोंड 'देगुची', आत शिरायचं तोंड 'इरिगुची'. एका चिन्हावर तीन शब्द वसूल! आणि पुढे कधी लोकसंख्येचा शब्द 'जिन्को' भेटला की त्यातही तेच तोंड, फक्त 'को' वाचलेलं. एक माणूस, एक तोंड, आपण 'खाणारी तोंडं' म्हणतो तसंच.

दर आठवड्याची परीक्षा तक्त्यावर घेऊ नका. स्टेशनच्या पाटीचा, दुकानाच्या दाराचा, मेन्यूचा फोटो दाखवा आणि म्हणा, "वाच." त्यातली दोन चिन्हं न येणारी असू द्या. येणारी वाचून न येणाऱ्याचा अंदाज करणं, हेच पुढे आयुष्यभर करायचंय.

हिशोब

आता पैशाचं बोलू. हा हिशोब काल्पनिक आहे, आकडे तुमचे घाला. समजा बॅचमध्ये २० जण, प्रत्येकी फी ६,००० रुपये. पहिली बॅच १,२०,०००. दोन हजारांचं वचन देऊन शेवटी ४ जण उरले, तर पुढच्या कोर्सची फी २४,०००. पन्नास शब्दांचं वचन पाळून १२ जण उरले, तर ७२,०००. आणि हे ४८,००० जास्त मिळवायला जाहिरातीचा एक रुपया गेलेला नाही. शिवाय ते बारा जण मित्रांना काय सांगतील? "मला जपानच्या स्टेशनवरची पाटी वाचता येते." याहून चांगली जाहिरात कुठली?

कुणी म्हणेल, "मॅडम, गिऱ्हाईकच विचारतं ना, किती कांजी शिकवणार?" बरोबर आहे. सगळ्या जाहिरातींत तोच आकडा दिसतो, म्हणून तो तेच विचारतो. दुकानातही माणूस "वही किती पानी?" असं विचारतो. मी त्याला विचारते, "लिहायचंय काय?" तुम्हीही विचारा, "तीन महिन्यांनी काय वाचता यायला हवं?" उत्तर मिळालं की कोर्स तिथेच अर्धा ठरला. आणि एखादा म्हणालाच की मला दोन हजारच हवेत, तर त्याला सरळ हायसिगचं पुस्तक आणि अंकी सुचवा, फी घेऊ नका. तो वर्षभराने संभाषण शिकायला तुमच्याकडेच येईल, कारण तुम्ही त्याला खरं सांगितलेलं असेल.

आणखी एक वचन देऊ नका: "एन-फाइव्हची सगळी कांजी यादी कव्हर." २०१० साली परीक्षेचं स्वरूप बदलल्यापासून आयोजक अशी अधिकृत यादी काढत नाहीत. बाजारात फिरतात त्या अंदाजाच्या याद्या. अंदाज वापरा, पण त्याला अंदाज म्हणा.

या आठवड्याचं काम

ज्यांना हा क्लास काढायचाय त्यांनी एक कोरा कागद घ्या. वर एका खऱ्या माणसाचं वर्णन लिहा, ज्याला तुम्ही शिकवणार आहात: वय, काम, जॅपनीज का शिकायचंय, रोज किती मिनिटं आहेत. खाली त्याला लागणारे पहिले सहा शब्द लिहा आणि प्रत्येकापुढे एकच वाचन. सातवा लिहायचा मोह होईल. लिहू नका. मग जाहिरातीचं एक वाक्य लिहा, ज्यात 'कांजी' हा शब्द आहे पण संख्या नाही.

ते वाक्य कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातली काही घेऊन आपण एकत्र दुरुस्त करू.